पहिली प्रत कोण काढते?

वाचकाचे पत्र

मी उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवते. कोरोना विषाणू आपल्या पेशीत शिरल्यावर त्याच्या प्रती कशा तयार होतात, हा भाग शिकवताना ‘विषाणू पेशीची यंत्रणा ताब्यात घेतो आणि तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो’ असे मी सांगत आले आहे. यंदा एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, “आपल्या पेशी डीएनएवरून आरएनए तयार करतात. आरएनएवरून आरएनए तयार करण्याची सोय त्यांच्यात नसते, असे मागच्या प्रकरणात होते. मग विषाणूच्या आरएनएची पहिली प्रत कोण काढते?” लगेच दुसऱ्याने विचारले, की हा आरएनए आपल्या डीएनएत मिसळतो का. उत्तर शोधण्यासाठी संदर्भग्रंथ उघडले, तर सोळा प्रथिनांची यादी आणि गुंतागुंतीच्या आकृत्या समोर आल्या. हे सगळे शिकवायचे का? सुरुवात कोठून करावी आणि काय गाळावे?

— एक शिक्षिका

सल्ला

स. न. वि. वि.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासूनच पाठ सुरू करावा, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवीन. कोरोना विषाणूच्या प्रतिनिर्मितीतील जवळजवळ प्रत्येक विचित्र वाटणारी गोष्ट या एका अडचणीतून निर्माण झालेली आहे. ही अडचण वर्गाला नीट कळली, की पुढचे टप्पे पाठ करावे लागत नाहीत. एकातून दुसरा निघत जातो.

आपले नेहमीचे वाक्य चुकीचे नाही, पण ते निम्मेच खरे आहे. पेशीकडून विषाणू पुष्कळ काही घेतो. प्रथिने बनवणारे रायबोसोम पेशीचे असतात, न्यूक्लिओटाइड आणि अमिनो आम्ले हा कच्चा माल पेशीचा असतो, ऊर्जा पेशीची असते आणि ज्यांच्या आडोशाला हे काम चालते ती पटलेही पेशीचीच असतात. परंतु आरएनएवरून आरएनएची प्रत काढणारे यंत्र पेशीजवळ नसल्यामुळे ते तिच्याकडून घेताच येत नाही, आणि कोरोना विषाणू ते यंत्र तयार स्वरूपात आपल्या कणात बरोबरही आणत नाही. येथे फ्लूच्या विषाणूशी तुलना उपयोगी पडेल. फ्लूच्या विषाणूचा आरएनए ऋण स्वरूपाचा, म्हणजे रायबोसोमला वाचता न येणारा असतो. म्हणून त्याला आपले पॉलिमरेझ, म्हणजे आरएनएची प्रत काढणारे यंत्र, प्रत्येक कणात भरूनच न्यावे लागते. कोरोना विषाणूचा मार्ग वेगळा आहे. त्याचा आरएनए धन स्वरूपाचा असतो, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या एमआरएनएप्रमाणे (प्रथिनाचा मजकूर रायबोसोमकडे नेणाऱ्या आरएनएप्रमाणे) तो थेट वाचता येतो. तेव्हा आपल्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर असे: पेशीत आलेला मूळ धागा प्रथम वाचला जातो, त्या वाचनातून प्रत काढणारे यंत्र तयार होते आणि मगच पहिली प्रत निघते. वाचन आधी, प्रत नंतर. हा क्रम वर्गाच्या मनात पक्का ठसवावा.

या क्रमाचा पुरावाही सांगण्यासारखा आहे. प्रयोगशाळेत कोरोना विषाणूच्या जीनोमचा संपूर्ण लांबीचा निव्वळ आरएनए तयार करून तो योग्य पेशींत सोडला, तर ना काटे, ना आवरण, ना दुसरे काही, तरीही त्या पेशींतून पूर्ण विषाणू बाहेर पडू लागतात. धाग्यात लिहिलेला मजकूर एवढीच त्याची शिदोरी असते आणि ती पुरेशी ठरते.

सार्स-कोव्ह-२, म्हणजे कोविड-१९ चा विषाणू, याच्या ज्या जीनोमचा क्रम जानेवारी २०२० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, त्याची लांबी २९,९०३ अक्षरे आहे. आरएनए विषाणूंत ही लांबी फार मोठी आहे. पोलिओच्या विषाणूचा जीनोम साधारण ७,५०० अक्षरांचा असतो, तर फ्लूच्या विषाणूचे आठही तुकडे जोडले तरी बेरीज साधारण १३,५०० भरते. कोरोना विषाणूच्या धाग्याच्या एका टोकाला पेशीच्या एमआरएनएसारखीच रासायनिक टोपी असते आणि दुसऱ्या टोकाला ‘ए’ अक्षरांची लांब शेपटी असते, त्यामुळे रायबोसोमला तो परका वाटत नाही. लांबीचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचीच किंमत विषाणूला मोजावी लागते.

पेशीत शिरण्याचा भाग मुलांना बहुधा ठाऊक असतो, म्हणून तेथे फार वेळ घालवू नये. काटेरी प्रथिनाच्या तीन सारख्या साखळ्या मिळून एक काटा बनतो, त्याचे टोक पेशीच्या पृष्ठभागावरील एसीई-२ या ग्राहीला चिकटते, आणि टीएमपीआरएसएस-२ हे पेशीचे प्रोटीएझ (प्रथिने कापणारे एन्झाइम) त्या काट्याला ठरावीक ठिकाणी कापते. हा काप बसल्यावर काट्याचा आतला भाग उलगडतो, पेशीच्या पटलात रुततो आणि दुमडून विषाणूचे आवरण व पेशीचे पटल एकमेकांजवळ ओढतो, तेव्हा दोन्ही पटले एकजीव होतात. ते प्रोटीएझ जवळपास नसेल, तर विषाणू पेशीच्या आतील पुटिकेत ओढला जातो आणि तेथे कॅथेप्सिन-एल हे दुसरे प्रोटीएझ तेच काम करते. मार्ग कोणताही असो, शेवटी धागा पेशीद्रवात मोकळा होतो.

आता खरा पाठ सुरू होतो. रायबोसोम धाग्याच्या टोपीच्या टोकाकडून वाचायला लागतो. जीनोमचा पहिला सुमारे दोन-तृतीयांश भाग दोन लांब वाचनचौकटींनी व्यापलेला आहे, त्यांना १-ए आणि १-बी म्हणतात. १-ए वाचून झाल्यावर ४,४०५ अमिनो आम्लांची एक सलग साखळी तयार होते आणि तेथे थांबण्याचा संकेत लागतो. अडचण अशी, की प्रत काढणाऱ्या यंत्राचा गाभा, म्हणजे पॉलिमरेझ, त्या थांब्याच्या पलीकडे १-बी मध्ये लिहिलेला आहे. रायबोसोम दर वेळी थांब्यावर थांबला, तर पॉलिमरेझ कधीच तयार होणार नाही.

येथे विषाणूच्या मजकुरात जी योजना आहे, ती फळ्यावर अक्षर अक्षर लिहून दाखवावी. मला तरी या संपूर्ण विषयातील हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. थांब्याच्या किंचित आधी ‘यूयूयूएएएसी’ अशी सात अक्षरे येतात आणि त्यांच्या पुढेच आरएनएचा धागा स्वतःभोवती गुंतून एक घट्ट गाठ तयार झालेली असते. रायबोसोम तीन-तीन अक्षरांचे गट वाचत येतो. नेहमीच्या चौकटीत तो असे वाचतो (सातांपैकी पहिला ‘यू’ आधीच्या गटात जातो):

यूयूए – एएसी – जीजीजी – यूयूयू – जीसीजी – जीयूजी – यूएए

शेवटचा ‘यूएए’ हा थांबण्याचा संकेत आहे, त्यामुळे साखळी येथे संपते. परंतु पुढची गाठ सोडवताना रायबोसोम अडखळतो, आणि त्याखाली असलेली सात अक्षरे अशी आहेत की तो एक अक्षर मागे घसरला तरी त्याच्या जोड्या बऱ्यापैकी जुळतात. तसा तो घसरला, तर ‘एएसी’ मधील शेवटचा ‘सी’ पुन्हा वाचला जातो आणि पुढचे सारे गट बदलतात:

यूयूए – एएसी – सीजीजी – जीयूयू – यूजीसी – जीजीयू – जीयूए – एजीयू

धाग्यावरील अक्षरे तीच राहिली. मात्र थांबण्याचा ‘यूएए’ आता दोन गटांत विभागला गेला, त्याला कोणी थांबा म्हणून ओळखत नाही, आणि वाचन १-बी मध्ये पुढे चालू राहून ७,०९६ अमिनो आम्लांची मोठी साखळी तयार होते. विद्यार्थ्यांना हे दोन्ही वाचन वहीत स्वतः करायला लावावे. मागे सरकल्यावर थांबा कोठे गेला, हे त्यांना आपल्या हाताने सापडले पाहिजे. ही घसरण प्रत्येक वेळी होत नाही. मोजण्याच्या पद्धतीनुसार आकडा बदलतो, पण साधारण एक-चतुर्थांश ते निम्म्याच्या आसपास रायबोसोम घसरतात. त्यामुळे १-ए मधील प्रथिने जास्त आणि १-बी मधील प्रथिने कमी, असे प्रमाण आपोआप राखले जाते. प्रयोगशाळेत हे प्रमाण बिघडवले, तर विषाणूची वाढ मंदावते.

या दोन साखळ्यांचे तुकडे केल्याशिवाय त्यांचा उपयोग नसतो. तुकडे करणारी दोन प्रोटीएझे त्याच साखळीचे भाग आहेत (साखळ्यांतून सुटणाऱ्या सोळा प्रथिनांना एनएसपी-१ ते एनएसपी-१६ अशी नावे आहेत): एक एनएसपी-३ मध्ये असून ते ३ ठिकाणी कापते, आणि दुसरे एनएसपी-५, ज्याला मुख्य प्रोटीएझ म्हणतात, ते ११ ठिकाणी कापते. मुख्य प्रोटीएझ स्वतःलाही साखळीतून सोडवून घेते. ते प्रामुख्याने ग्लुटामीन या अमिनो आम्लानंतर कापते आणि कापण्याची अशीच आवड असलेले प्रोटीएझ आपल्या पेशींत आढळलेले नाही. म्हणून औषधासाठी हे लक्ष्य उत्तम ठरले. निर्मात्रेल्व्हिर हे औषध याच प्रोटीएझच्या कापण्याच्या जागी जाऊन बसते. त्याच्या जोडीला दिले जाणारे रिटोनाव्हिर या विषाणूवर काम करत नाही. यकृतातील एक एन्झाइम निर्मात्रेल्व्हिर झपाट्याने मोडून टाकते, त्या एन्झाइमला रिटोनाव्हिर रोखून धरते, एवढाच त्याचा भाग. ‘एका औषधाबरोबर दुसरे का देतात’ असे विद्यार्थी विचारतातच, तेव्हा हे उत्तर हाताशी असू द्यावे.

आता पॉलिमरेझ मोकळे झाले. एनएसपी-१२ हे मुख्य प्रथिन, त्याच्या मदतीला एनएसपी-७ ची एक आणि एनएसपी-८ च्या दोन प्रती, असा त्याचा संच बनतो. हा संच मूळ धन धाग्याच्या शेपटीकडील टोकावरून सुरुवात करून त्याचा पूरक असा ऋण धागा तयार करतो. पत्रातील प्रश्नात ‘पहिली प्रत’ म्हटले आहे ती हीच, आणि ती मूळ धाग्यासारखी नसून त्याच्या उलट असते, हे विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. त्या ऋण धाग्याचा साचा म्हणून पुन्हा पुन्हा वापर होऊन अनेक नवे धन धागे निघतात. त्यामुळे पेशीत ऋण धागे तुलनेने फारच थोडे आणि धन धागे पुष्कळ आढळतात.

हे सर्व उघड्या पेशीद्रवात झाले असते, तर पेशीला सुगावा लागला असता. धन आणि ऋण धागे एकमेकांना बिलगले, की दुहेरी आरएनए तयार होतो, आणि लांब दुहेरी आरएनए दिसणे ही निरोगी पेशीतील सामान्य गोष्ट नव्हे. तो ओळखणारी एमडीए-५ सारखी प्रथिने पेशीत पहारा देत असतात, आणि ती जागी झाली की इंटरफेरॉनची निर्मिती सुरू होऊन शेजारच्या पेशींपर्यंत धोक्याची सूचना पोहोचते. म्हणून एनएसपी-३, एनएसपी-४ आणि एनएसपी-६ ही तीन प्रथिने अंतर्द्रव्यजालिकेचे, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्याचे, पटल ओढून-वाकवून दुहेरी पटलाच्या गोल पुटिका तयार करतात. त्यांचा व्यास साधारण २०० ते ३०० नॅनोमीटर असतो आणि नव्या आरएनएची निर्मिती तेथे केंद्रित झालेली असते. पुटिका सर्व बाजूंनी बंद दिसत असत, मग तयार झालेला आरएनए बाहेर कसा येतो, हे बरीच वर्षे कोडे होते. २०२० मध्ये गोठवलेल्या पेशींच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चित्रणात दोन्ही पटलांना आरपार छेदणारे, मुकुटासारख्या आकाराचे छिद्र दिसले आणि त्या मुकुटाचा एक प्रमुख घटक एनएसपी-३ असल्याचे आढळले. पेशीचे पहारेकरी या आडोशाने पूर्णपणे फसतात असे मात्र सांगू नये. संसर्ग झालेल्या शरीरात इंटरफेरॉन तयार होतेच. त्याला होणारा उशीर विषाणूच्या पथ्यावर पडतो.

आता मघाशी राखून ठेवलेला लांबीचा प्रश्न घेऊ. आरएनएची प्रत काढणारी पॉलिमरेझे सहसा चुका दुरुस्त करत नाहीत. जीनोम आखूड असेल तर ते खपते, कारण बऱ्याच प्रती तरीही कामाच्या निघतात. तीस हजार अक्षरांच्या धाग्यात त्याच दराने चुका झाल्या असत्या, तर निकामी प्रतींचे प्रमाण फार वाढले असते. कोरोना विषाणूने यासाठी एनएसपी-१४ हे प्रथिन बाळगले आहे. एनएसपी-१० च्या साहाय्याने ते नुकत्याच जोडलेल्या चुकीच्या अक्षराला टोकाकडून काढून टाकते आणि पॉलिमरेझला पुन्हा संधी देते. २००३ मध्ये पसरलेल्या सार्सच्या विषाणूत संशोधकांनी हे काम करणारा भाग निकामी केला, तेव्हा त्या विषाणूतील उत्परिवर्तने सुमारे २० पट वाढली. सगळ्याच चुका पकडल्या जात नाहीत, आणि ज्या सुटतात त्यांतूनच नवे प्रकार निर्माण होतात. ‘हा विषाणू फार झपाट्याने बदलतो’ असे वाक्य वर्गात आले, तर त्याला हा संदर्भ जोडावा: प्रत्येक प्रतीमागे पाहिले तर तो फ्लूच्या विषाणूपेक्षा कमी चुका करतो, पण कोट्यवधी माणसांत त्याच्या अगणित प्रती निघाल्यामुळे बदल डोळ्यांत भरले.

रेमडेसिव्हिरची करामत येथेच समजते. पेशीत गेल्यावर ते ‘ए’ या अक्षराच्या न्यूक्लिओटाइडसारखे रूप घेते आणि पॉलिमरेझ त्याला खऱ्या अक्षराच्या जागी जोडून टाकते. प्रत लगेच थांबत नाही. पुढची तीन अक्षरे जोडली जातात, आणि मग त्या बनावट अक्षराला चिकटलेला जादा रासायनिक गट एनएसपी-१२ मधील ८६१ व्या स्थानावरील सेरीन या अमिनो आम्लाला अडतो. यंत्र पुढे सरकू शकत नाही. बनावट अक्षर आता टोकाला नसून तीन अक्षरे आत गेलेले असल्यामुळे एनएसपी-१४ ला ते काढून टाकणेही अवघड जाते. मोलनुपिराव्हिरची पद्धत वेगळी आहे. ते प्रत थांबवत नाही, तर अक्षरांच्या जोड्या चुकवून चुकांचा इतका भार वाढवते की निघालेल्या प्रती कुचकामी ठरतात. ही औषधे, तसेच निर्मात्रेल्व्हिर, आजाराच्या आरंभी, म्हणजे लक्षणे सुरू झाल्यापासून थोड्याच दिवसांत द्यावी लागतात, कारण ती प्रती निघण्याचे काम रोखतात. आजार पुढे गेल्यावर जे नुकसान होते त्यात शरीराच्या स्वतःच्या दाहाचा वाटा मोठा असतो, आणि त्यावर ही औषधे काम करत नाहीत. प्रतिजैविके का चालत नाहीत, याचेही उत्तर येथेच द्यावे. ती जिवाणूंची पेशीभित्ती, जिवाणूंचे रायबोसोम अशा गोष्टींवर घाव घालतात, आणि आतापर्यंत सांगितलेल्या यंत्रणेत त्यांपैकी काहीही नाही.

यापुढचा भाग पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकला जातो, पण तो गाळल्यास मोठी फट राहते. काटेरी प्रथिन, आवरणातील एम आणि ई ही प्रथिने, आणि आरएनएला गुंडाळणारे एन हे प्रथिन, ही सारी जीनोमच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात लिहिलेली आहेत. रायबोसोम मात्र टोपीकडून वाचायला लागतो आणि १-ए किंवा १-बी च्या शेवटी धागा सोडून देतो, त्यामुळे मूळ जीनोमवरून ही प्रथिने तयार होऊच शकत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे, आखूड संदेश लागतात, आणि ते मिळतात असे: ऋण धागा तयार करत येणाऱ्या पॉलिमरेझला प्रत्येक जनुकाच्या अलीकडे ‘एसीजीएएसी’ हा सहा अक्षरांचा ठसा भेटतो. अगदी तोच ठसा जीनोमच्या सुरुवातीलाही, पहिल्या सुमारे ७० अक्षरांनंतर आहे. काही वेळा पॉलिमरेझ ठशावर थांबते, आणि अर्धवट तयार झालेला ऋण धागा मधला हजारो अक्षरांचा भाग ओलांडून सुरुवातीच्या ठशाशी जुळतो. तेथून ती सुमारे ७० अक्षरे उतरवून घेतली की आखूड ऋण धागा पूर्ण होतो आणि त्याचा साचा करून आखूड धन संदेश काढले जातात. परिणामी प्रत्येक संदेशाची सुरुवात अगदी सारखी असते, शेवटही सारखा असतो, आणि रायबोसोमला प्रत्येक संदेशात वेगळे जनुक सर्वांत पुढे मिळते.

सर्व संदेशांची सुरुवात सारखी असण्याचा आणखी एक फायदा विषाणूला होतो. एनएसपी-१ हे प्रथिन आपले शेपटीकडील टोक रायबोसोमच्या लहान उपघटकातील एमआरएनए शिरण्याच्या मार्गात बुचासारखे बसवते आणि पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांची निर्मिती मंदावते. विषाणूच्या संदेशांच्या आरंभी असलेली आरएनएची विशिष्ट वळकटी त्यांना या अडथळ्यातून वाट करून देते. पेशीची यंत्रणा ताब्यात घेणे म्हणतात ते हेच, आणि आपले जुने वाक्य येथे नेमके लागू पडते.

जुळणीचा टप्पा थोडक्यात सांगून चालेल. काटेरी, एम आणि ई ही प्रथिने अंतर्द्रव्यजालिकेत तयार होऊन तिच्या व गॉल्जी पिंडाच्या दरम्यानच्या पटलांत जमतात. एन प्रथिन नव्या जीनोमला गुंडाळते, आणि ही गुंडाळी त्या पटलात आत ढकलली जाऊन नवा कण तयार होतो. म्हणजे विषाणूचे आवरण पेशीच्या आतल्या पटलापासून आलेले असते. बाहेर पडण्याचा मार्ग पेशीचा नेहमीचा स्रावमार्ग असावा असे पूर्वी गृहीत धरले जात होते. २०२० मधील संशोधनात मात्र हे विषाणू लयकारिकांमधून (पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या आम्लयुक्त पिशव्यांमधून) बाहेर पडतात आणि तत्पूर्वी त्या लयकारिकांची आम्लता घटलेली असते, असे दिसून आले. धागा आत शिरल्यापासून नवे कण बाहेर पडू लागेपर्यंत साधारण १० तास जातात.

दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे झाले. वर सांगितलेला एकही टप्पा केंद्रकात होत नाही आणि एकाही टप्प्यात डीएनए लागत नाही. आरएनएवरून डीएनए तयार करणारे एन्झाइम आणि तो डीएनए गुणसूत्रात जोडणारे एन्झाइम, ही दोन्ही एचआयव्हीजवळ असतात. कोरोना विषाणूच्या जीनोममध्ये त्यांपैकी एकही लिहिलेले नाही. याच ओघात फायझर किंवा मॉडर्नाच्या एमआरएनए लशीबद्दल प्रश्न आला, तर त्या लशीत फक्त काटेरी प्रथिनाचा संदेश असतो, पॉलिमरेझचा नसतो, असे सांगावे. तो संदेश रायबोसोम वाचतात, त्याच्या प्रती निघत नाहीत, आणि काही काळाने पेशी त्याला मोडून टाकते.

काय गाळावे, हे आपण मोकळेपणाने विचारले आहे. सोळा प्रथिनांची यादी पाठ करून घेऊ नये. एनएसपी-१, ३, ५, १२ आणि १४ एवढी पाच नावे कामासह लक्षात राहिली, तर या पातळीवर ते पुरेसे आहे. बाकीची ओघात आली तर येऊ द्यावीत. आकृती काढताना मात्र एक पथ्य पाळावे. छापील आकृत्यांत धन आणि ऋण धागे बहुतेक वेळा एकाच रंगात असतात आणि त्यांची दिशा दाखवलेली नसते, त्यामुळे सगळा गोंधळ होतो. दोन रंग घ्यावेत, प्रत्येक धाग्यावर दिशेचा बाण काढावा, आणि रायबोसोम फक्त धन धाग्यावरच बसवावा. वाचन आणि प्रत काढणे यांचे बाणही वेगळे ठेवावेत.

परीक्षेसाठी एक प्रश्न सुचवतो. घसरण होते त्या सात अक्षरांत असा बदल झाला, की रायबोसोम कधीच मागे सरकत नाही, तर संसर्ग झालेल्या पेशीत काय तयार होईल आणि काय होणार नाही? अपेक्षित उत्तर असे, की १-ए ची साखळी बनेल, दोन्ही प्रोटीएझे आपले काम करतील, पटलांच्या पुटिकाही बनू लागतील, परंतु एनएसपी-१२ नसल्यामुळे एकही ऋण धागा निघणार नाही. जो विद्यार्थी ‘काटेरी प्रथिन तरी तयार होईल’ असे लिहील, त्याला आखूड संदेशांचा भाग पुन्हा एकदा समजावून सांगावा लागेल.